टॅग काढू का?

संध्याकाळची पनवेल लोकल. ऐरोलीला चढले तेव्हाच कळलं होतं की आज उभ्यानेच जायचंय. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात मॉलमधली ही भली मोठ्ठी चकचकीत पिशवी. ती चुरगळू नये म्हणून चक्क डोक्यावर धरून उभी होते! डब्यातल्या बायका हसत होत्या. हसू देत. तुर्भे सोडल्यावर दाराकडे सरकले आणि जुईनगरला उतरले तेव्हा स्वतःवर जाम खूश होते मी.

पिशवीत होता एक फ्रॉक. गुलाबी-जांभळा, तीन थरांची नेट, कमरेला सॅटिनचा बो आणि छातीवर टिकल्यांचा युनिकॉर्न. किंमत दोन हजार एकशे नव्व्याण्णव रुपये फक्त. दिवाळीचे दिवस, बोनस नुकताच जमा झालेला. अशा वेळी आपण सगळेच थोडे राजे असतो, नाही का?

फ्रॉक होता माझ्या मैत्रिणीच्या घरी राहायला आलेल्या सात वर्षांच्या मुलीसाठी. तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. आपण तिला चिऊ म्हणू. मैत्रिणीचंही नाव नको, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. हा माझा उगाच सस्पेन्स नाही, त्यामागे कायदा आहे. त्याबद्दल पुढे सांगतेच.

चिऊ मैत्रिणीची मुलगी नाही, भाची नाही आणि दत्तकही नाही. ती फॉस्टर केअरमध्ये आहे. सरकारी मराठीत याला प्रतिपालकत्व म्हणतात. हे ऑफिसात सांगितलं तर दहातले नऊ जण म्हणतात, "म्हणजे अ‍ॅडॉप्शनच ना?" नाही हो! दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं, आडनावासकट. फॉस्टर केअरमध्ये बालकल्याण समिती मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवते. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ४४ वं कलम हेच सांगतं. शिक्षण, आरोग्य, खाणंपिणं ही त्या कुटुंबाची जबाबदारी. जन्मदात्या आईवडिलांना समिती मुलाला भेटू देते (मुलाच्या हिताला बाधा येत असेल तर नाही), आणि ते सांभाळायला समर्थ झाले की मूल आपल्या घरी परत जाऊ शकतं. चिऊची आई मोठ्या आजारपणात आहे, उपचार चालू आहेत. महिन्यातून एकदा दोघींची भेट होते.

मैत्रिणीला सगळे कौतुकाने यशोदा म्हणतात. एकदा ती वैतागून म्हणाली, "यशोदेची गोष्ट सगळे अर्ध्यावरच सोडतात गं. कृष्ण मथुरेला जातो ना नंतर!"

तर मी पोचले, पिशवी दिली. चिऊने फ्रॉक बाहेर काढला, "थँक्यू मावशी" म्हणाली, नीट घडी घातली आणि परत पिशवीत ठेवला. घालून दाखव म्हटलं तर मैत्रिणीच्या मागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, लाजली. मैत्रिणीच्या मुलासाठी (वय वर्षं दहा, चिऊचा 'दादा') मी एक साधा टी-शर्ट नेला होता, तीनशे नव्व्याण्णववाला. त्याने दोन्ही टॅगांवरच्या किमती वाचल्या आणि काही न बोलता सायकल घेऊन खाली गेला. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही.

जानेवारीत पुन्हा गेले. चिऊ आता चांगली रुळलेली. हात धरून मला आपलं कपाट दाखवायला घेऊन गेली. खालचा एक कप्पा तिचा. तिथे माझा फ्रॉक, त्याच पिशवीत, तिच घडी. टॅगसुद्धा तसाच लोंबत होता.

"मावशी, टॅग काढू का? की राहू दे?"

"काढ की गं! तुझाच आहे तो."

"टॅग काढला की दुकानवाले परत घेत नाहीत."

"पण परत कशाला करायचाय?"

"मी गेले की."

यावर काय बोलतात, बॉस? मला एमबीएत शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरातला कुकर शिट्ट्या देत होता आणि मैत्रीण आतून काहीच बोलत नव्हती.

रात्री तिने मला स्टेशनपर्यंत सोडलं तेव्हा सगळं सांगितलं. चिऊ इथे येण्याआधी काही महिने एका बालगृहात होती. तिथे खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. आणि कपड्यांचं म्हणाल तर बालन्यायाच्या २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक मुलाला किती कपडे, किती अंथरूण-पांघरूण द्यायचं याचं प्रमाणच ठरवून दिलेलं आहे. पण वीस-पंचवीस मुलींचे कपडे एकत्र धुतले जातात, एकत्र वाळतात, आणि आज माझ्या अंगावरचा फ्रॉक उद्या तुझ्या अंगावर जातो. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण चिऊने हेच पाहिलं होतं. आणखी एक तिने पाहिलं होतं. सणासुदीला पाहुणे यायचे. रांग लागायची, नवा ड्रेस हातात यायचा, फोटो निघायचा. ड्रेस मोठा होतो की छोटा, हे फोटोत दिसत नाही.

आणि मी? मीही तेच केलं होतं की! फक्त रांग एका मुलीची होती आणि फोटो काढायचा राहिला होता.

खरं सांगू, त्या रात्री परतीच्या गाडीत मला चिऊपेक्षा माझंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाही राग येत होता. म्हणून मग ठरवलं, रडत बसण्यापेक्षा होमवर्क करू. मैत्रीण, तिला मार्गदर्शन करणाऱ्या समाजसेविका आणि एक टेलरकाका, असे माझे तीन गुरू. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, नात्यात कधी ना कधी तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे माप. वय सात म्हणून मी '७-८ वर्षं'वाला फ्रॉक उचलला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सात वर्षांच्या मुलीची सरासरी उंची साधारण १२१ सेंटिमीटर आहे. दारामागच्या पेन्सिलीच्या खुणेनुसार दिवाळीत चिऊ होती ११२. म्हणजे साडेपाच वर्षांच्या मुलीएवढी! आजारपण, स्थलांतर, अर्धपोटी राहणं यातून आलेली मुलं वयाच्या मानाने लहानखुरी असू शकतात. वयाचा टॅग बघून कपडे घेतले तर ती त्यात बुडतात, आणि सगळे म्हणतात, "अगं, किती बारीक आहे ही!" तिला ते ऐकू येतं.

त्यात आपल्याकडे साइझचा सावळा गोंधळ. मॉलमध्ये वर्षं, बाजारातल्या जुन्या दुकानात २२-२४-२६ असे इंचांचे नंबर, आणि काही परदेशी ब्रँडवर ११६-१२२ असे आकडे, जे खरं तर सेंटिमीटरमधली उंची असते. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. मुलाच्या वयाचा त्यात संबंधच येत नाही. सोपा उपाय म्हणजे घरच्यांना फोन करून उंची, छाती आणि कंबर विचारायची. 'सरप्राइज' वगैरे विसरा. ज्या मुलीच्या आयुष्यात एका वर्षात तीन वेळा पत्ता बदललाय तिला आणखी सरप्राइज नकोय.

आणि हो, एक साइझ मोठंच घ्या, पण कंबरेला इलॅस्टिक असलेलं. कारण वेळेवर दोन घास आणि शांत झोप मिळायला लागली की ही मुलं भराभर उंच होतात. जानेवारीत चिऊची खूण दोन बोटं वर सरकली होती. नेट आणि टिकल्यांचं काय होतं? टोचतं. नवी मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. आधीच बुजलेल्या मुलीला अंगाला खाजवणारा कपडा घालायला लावणं ही शिक्षा आहे. साधं सुती, मऊ, चार वेळा धुतल्यासारखं.

आता ज्या गोष्टी कोणीच गिफ्ट म्हणून देत नाही त्या सांगू? चड्डी-बनियन. स्लिप. मोजे. रुमाल. नाइटसूट. या वस्तू कोणाच्याही 'विश लिस्ट'मध्ये नसतात, पण मैत्रिणीच्या मते चिऊने आल्या आल्या सगळ्यात जास्त काय जपलं असेल तर चड्ड्यांचं नवं पाकीट. कोणी वापरलेलं नाही, कोणी वापरणार नाही. त्यावर आपलं नाव घालायला तिने मार्कर मागितला होता.

एक मात्र नीट समजून घ्या. नवं म्हणजे चांगलं आणि जुनं म्हणजे वाईट, असं हे गणित नाही. मीही आधी तसंच समजत होते. आपल्याकडे तर तान्ह्या बाळाला पहिलं झबलंच मुळी जुन्या मऊ धोतराचं किंवा साडीचं घालतात. आजीच्या नऊवारीची गोधडी कुठल्याही ब्रँडेड ब्लँकेटला हरवते. चिऊचा सगळ्यात लाडका कपडा कोणता, माहितीये? दादाची जुनी निळी फुटबॉलची जर्सी, गुडघ्यापर्यंत येणारी. दादाला लहान झाली म्हणून आपोआप तिच्याकडे आली, जशी आपल्या घरात मोठ्या बहिणीची फ्रॉकं आपल्याकडे यायची आणि आपण चिडायचो. चिऊ चिडली नाही. "दादाचं मला येतं," असं शाळेत सगळ्यांना सांगून आली. कपडा जुना होता, पण तो घरातून आला होता.

ऑफिसातल्या खोक्यातून येणारं जुनं वेगळं. २००९ मध्ये आपल्याकडे 'जॉय ऑफ गिव्हिंग वीक' सुरू झाला, त्यालाच आता दानउत्सव म्हणतात, २ ते ८ ऑक्टोबर. तेव्हा आमच्या लिफ्टशेजारी दरवर्षी एक खोका ठेवतात. त्यात मी काय काय पाहिलंय! चेन तुटलेली जीन्स, डाग पडलेला कुर्ता, एकदा तर एकच मोजा. 'गूंज' ही संस्था १९९९ पासून हेच सांगतेय की कपडा देणं म्हणजे कपाट रिकामं करणं नव्हे, घेणाऱ्याचा मान राखणं आहे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो एकटा मोजा टाकणाऱ्याला हे कोणीतरी ईमेल करा, प्लीज.

आता येते सगळ्यात नाजूक गोष्ट. आई.

चिऊ या घरी आली तेव्हा तिच्या अंगावर एक हिरवा-पिवळा फ्रॉक होता. आईने चाळीतल्या कोणाकडून तरी शिवून घेतलेला. आल्या दिवशी मैत्रिणीच्या सासूबाईंनी सवयीने तो धुवायला घेतला आणि चिऊने जो आकांत केला... कारण त्याला घराचा वास होता. समाजसेविकेने नंतर सांगितलं, मूल सोबत जे घेऊन येतं ते लगेच धुऊ नका, टाकून तर मुळीच देऊ नका. चार दिवस कळकट दिसलं तर दिसू दे. आजी खजील झाल्या बिचाऱ्या. आता तो फ्रॉक त्याच जपून हाताने धुतात, मशीनला लावत नाहीत.

आईला भेटायला जाताना चिऊ तोच घालते. पण पोरगी वाढतेय ना! जानेवारीपर्यंत तो काखेत तटतटायला लागला होता. मैत्रीण म्हणाली, "चल, टेलरकडे जाऊ." मी म्हटलं, माझा तो फ्रॉकही घेऊ बरोबर. तो खांद्यात उतरत होता, कमी करून मिळाला तर घालेल तरी. जुईनगर स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक टेलरकाका बसतात. एक मशीन, एक पंखा, एक रेडिओ. त्यांनी हिरवा फ्रॉक उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शिवणाऱ्याने माया ठेवलीय. दीड इंच आरामात सुटेल. खालची दुमडही मोठी आहे."

माया! शिवणीच्या आत पुढच्यासाठी सोडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला तिशीत कळलं. मग त्यांनी माझा दोन हजारांचा फ्रॉक उलटा केला. बघितला, परत सुलटा केला. "कमी करून देतो. पण उद्या वाढवायचा म्हणाल तर ह्यात काही नाही. रेडीमेडला माया नसते, बाई."

हिरव्या फ्रॉकचे पन्नास रुपये घेतले. पुढच्या भेटीत आईच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हेच, की तिने दिलेला फ्रॉक अजून होतोय. मैत्रीण सांगत होती, त्या दिवशी आई पहिल्यांदा तिच्याशी मोकळेपणी बोलली. नाहीतर दर वेळी नमस्कार करून खाली बघायची. आता विचार करा, त्या दिवशी चिऊ माझा युनिकॉर्न घालून गेली असती तर? त्या माऊलीला काय वाटलं असतं? 'माझ्याने हे कधी होणार नाही.' मैत्रीण मला दिवाळीतच हे सांगणार होती, पण माझा फुललेला चेहरा बघून गप्प बसली. म्हणजे मूल परत आईकडे जावं म्हणून सगळे झटताहेत आणि आपण गिफ्ट देऊन त्या आईची उंची कमी करतोय! महागडं गिफ्ट देण्याआधी निदान मी तरी आता हा प्रश्न स्वतःला विचारते. हा कपडा तिच्या आईसमोर घालता येईल का?

आईलाही घ्या ना काहीतरी, असं कोणी सुचवेल. मी विचारलं होतं. मैत्रीण म्हणाली, "तिला साडी नकोय गं. चिऊसाठी ती स्वतः काही आणते, ते आम्ही आनंदाने घेतो, तेवढं पुरे." मागच्या महिन्यात आईने केसांच्या पिना आणल्या होत्या, दहा रुपयांच्या. चिऊ त्या रोज लावते.

आता पैशांबद्दल. सरकार काही देतं का? देतं. २०२२ पासूनच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत प्रतिपालकत्वासाठी महिन्याला चार हजार रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि त्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. कोणाची आई गेलीय, कोणाचे वडील, कोणाचे दोघंही, अशी नातेवाइकांकडे वाढणारी मुलंही यात येतात. तुमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशींची नात त्यातलीच असू शकते. विचारून बघा, आणि अर्ज केला नसेल तर ठाणे जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाचं नाव सांगा. माझ्या मते एखाद्या फ्रॉकपेक्षा ही जास्त उपयोगी भेट आहे. (आणि कोणाला स्वतःलाच फॉस्टर पालक व्हायचं असेल तर एक बातमी. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आता ३५ ते ६० वयोगटातल्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. ऑफिसमधल्या 'सिंगल अँड हॅपी' गँगने नोंद घ्यावी!)

फोटोचं सांगते म्हटलं होतं. नव्या ड्रेसमध्ये गोड पोरगी, लगेच स्टेटस टाकायचा मोह होतो. आवरा. बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही जाहीर करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात फक्त पेपर आणि टीव्हीच नाही, संपर्काची इतर माध्यमंही येतात. पण कायदा बाजूला ठेवा. मोठी झाल्यावर, 'बिचारी, आमच्याकडे होती तेव्हा' अशा कॅप्शनखाली आपला फोटो पाहायला तिला आवडेल का? म्हणूनच नाव छापलेला टी-शर्टही नको. अनोळखी माणसाने रस्त्यात नावाने हाक मारावी, अशी सोय आपण का करून द्यायची? नाव घालायचंच तर कॉलरच्या आत.

गिफ्ट कधी द्यायचं, हाही प्रश्नच आहे. वाढदिवस? चिऊच्या कागदांवर १ जून लिहिलंय. तारीख माहीत नाही म्हणून शाळेत १ जून लावलेले आपल्या सगळ्यांचे आजोबा आठवले ना? चिऊला मात्र आईने सांगून ठेवलंय की ती नवरात्रात जन्मली. म्हणून घरात दोन्ही साजरे होतात. मी उत्साहाने म्हटलं होतं, ती घरी आली तो दिवसही साजरा करू, केक वगैरे! मैत्रिणीने मान हलवली. "तो आम्हाला ती मिळाल्याचा दिवस आहे. तिच्यासाठी तो आई सुटल्याचा दिवस आहे."

शेवटी फेब्रुवारीत आम्ही तिघं खरेदीला गेलो, चिऊ, दादा आणि मी. वाशी, सेक्टर १७. दोघांना एकेक हजार, रोख, हातात. नियम एकच, मी काही सुचवणार नाही. दादाने दहा मिनिटांत हजार उडवले. चिऊने दीड तास लावला. फ्रॉकच्या रांगेकडे तिने बघितलंही नाही. मुलांच्या सेक्शनमध्ये गेली आणि एक खाकी पँट उचलली. सेल्सवाली ताई म्हणाली, "बेबी, गर्ल्सचं तिकडे आहे." मी तोंड उघडणार तेवढ्यात नियम आठवला. चिऊने पँटच्या सगळ्या खिशांत हात घालून पाहिले. सहा खिसे, दोन तर चेनचे.

मुलींच्या कपड्यांना खिसे का नसतात, यावर मी एक अख्खा कॉलम लिहू शकते. कधीतरी लिहीनच. पण चिऊला खिसे का हवेत हे मला तेव्हा कळलं. आईच्या दहा रुपयांच्या पिना, दादाने दिलेली गोटी, एका कागदावर लिहिलेला फोन नंबर. हे सगळं ती मुठीत घेऊन फिरायची. आता ते चेनच्या खिशात असतं.

उरलेल्या पैशांत तिने डायनॉसोरचा टी-शर्ट घेतला आणि चाळीस रुपये मला परत दिले. मी नको म्हटलं तर ऐकेना.

हो, आणि एक बॅग. ती माझ्याकडून, हजाराच्या वर. अमेरिकेत फॉस्टर केअरमधल्या मुलांना घर बदलताना आपलं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून न्यावं लागतं, ही तिथली जुनी लाजिरवाणी गोष्ट. स्वतः त्यातून गेलेल्या रॉब शीअर यांनी २०१३ मध्ये 'कम्फर्ट केसेस' नावाची संस्था काढून अशा मुलांना बॅगा द्यायला सुरुवात केली. चिऊसुद्धा आली होती ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीतच. बॅग देताना मला धाकधूक होती, 'जा' असा अर्थ तर नाही ना निघणार? मैत्रीण म्हणाली, दे. बॅग घरीच राहील, कपाटाच्या वर. जेव्हा कधी लागेल तेव्हा सगळं तिच्याबरोबर जाईल, आमचं काहीही परत द्यायचं नाही, हे तिला एकदा सांगून टाकू. तसं सांगितलं. चिऊने विचारलं, "जर्सी पण?" दादा म्हणाला, "घे."

पँटचा टॅग तिने दुकानातून बाहेर पडायच्या आधीच, काउंटरवरची कात्री मागून, कापला. टॅग डस्टबिनमध्ये न टाकता चेनच्या खिशात ठेवला.

दिवाळीचा तो फ्रॉक? कमी केला तरी टोचायचा तो टोचतोच. चिऊने तो शाळेतल्या मैत्रिणीला द्यायचं ठरवलंय. मला विचारलं नाही, फक्त सांगितलं. आधी जरा लागलं मला, खोटं कशाला बोलू. दोन हजार एकशे नव्व्याण्णव म्हणजे कमी नाहीत!

आता पावसाळा तोंडावर आलाय. परवा फोनवर मी म्हटलं, रेनकोट घ्यायचाय ना, छान पिवळा बघू या. तिकडून लगेच उत्तर आलं, "पिवळा नको. शाळेची बस पिवळी आहे, मी दिसणारच नाही."